‘पोटातून गा’ म्हणतात, पण पोटात आहे तरी काय?

प्रश्न : वय २७. आठ महिन्यांपासून शास्त्रीय गाणं शिकतोय. गुरुजी सांगतात, ‘पोटातून गा’, ‘आवाज कपाळात ने’, ‘गळा मोकळा सोड’. मनापासून प्रयत्न करतो, पण वीस मिनिटांत घसा दुखायला लागतो आणि तार सा (वरच्या सप्तकातला सा) लावताना आवाज चिरकतो. आवाज नेमका निघतो कुठून? डॉक्टरी भाषा नको, गाणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढं सांगा. पहाटे खर्ज (खालच्या स्वरांचा रियाझ) किती वेळ करावा, तेही सांगा.

उत्तर : तुमच्या गुरुजींचं काही चुकत नाहीये. फक्त त्यांच्या तिन्ही सूचना शरीराबद्दलच्या नाहीत, जाणिवेबद्दलच्या आहेत. आवाज नीट लागतो तेव्हा त्यांना स्वतःला आत जे जाणवतं, ते ते शब्दांत सांगतात. शिकणारा ते शब्दशः घेतो आणि पोट आवळतो, भुवया चढवतो, हनुवटी वर करतो. मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात आवाजाच्या तक्रारींवर काम करते आणि गातेही. ‘पोटातून’ गाऊन घसा बसवून घेतलेली मंडळी मला जवळजवळ दर आठवड्याला भेटतात. तेव्हा आधी गळ्यात काय आहे ते पाहू, मग पोटाकडे वळू.

वाचता वाचता गळ्याच्या मध्यावर, कंठमण्यावर, दोन बोटं अलगद ठेवा. आवंढा गिळा : कंठमणी टुणकन वर जातो. जांभई द्या : खाली उतरतो. हा जो हलणारा डबा आहे ना, तेच स्वरयंत्र. श्वासनलिकेच्या तोंडाशी बसवलेला, कूर्चांचा, म्हणजे कानाच्या वरच्या कडेसारख्या लवचीक हाडांचा. आता बोटं तिथेच ठेवून लांब ‘सऽऽऽ’ म्हणा आणि मग ‘मऽऽऽ’. ‘स’ला बोटांना काही कळणार नाही, ‘म’ला गुणगुण जाणवेल. शाळेत व्याकरणाच्या तासाला अघोष आणि घोष वर्ण पाठ केले होते, त्यातला ‘घोष’ म्हणजे बोटांखाली जाणवलेली ही गुणगुण. गाणं सगळं या घोषावर चालतं.

हा घोष निर्माण करतात स्वरतंतू. नावावरून तानपुऱ्याच्या तारांसारखं काहीतरी गळ्यात ताणून बसवलंय असं वाटतं, आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. ते तंतू नाहीतच. स्वरयंत्राच्या दोन्ही भिंतींतून आत आलेल्या त्या दोन ओल्या, मऊ घड्या आहेत. पुढच्या बाजूला दोन्ही कंठमण्याच्या आत शेजारी शेजारी जोडलेल्या, मागच्या बाजूला दोन छोट्या कूर्चांना. मागच्या कूर्चा सरकल्या की घड्या चिमट्याच्या पात्यांसारख्या उघडतात किंवा मिटतात. श्वास घेताना उघड्या, आवाज काढताना मिटलेल्या. पुरुषांत त्यांची लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रियांत दीडच्या आसपास किंवा थोडी कमी. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा ऐवज, आणि त्यावर आपण अख्खी मैफल उभी करतो.

प्रत्येक घडीत थर असतात. वर पातळ ओली त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, आत स्नायू. आवाज निघताना प्रामुख्याने वरचा मऊ भाग लाटेसारखा हलतो. तो मऊ आणि ओला राहिला तर आवाज गोल येतो. सुजला, की खरखर.

आता त्या हलतात कशा? लहान मूल ओठ मिटून गाडीचा ‘भुर्रर्र’ आवाज काढतं ते आठवा. ते मूल ओठ एकेकदा हलवत नसतं. ओठ सैल मिटलेले असतात, मागून हवा येते, ओठ ढकलले जातात, स्वतःच्या लवचीकपणाने परत मिटतात, पुन्हा ढकलले जातात. स्वरतंतूंचंही हेच. मेंदू त्यांना ‘मिटा’ आणि ‘एवढे ताणा’ इतकंच सांगतो, पुढचं काम हवा करते. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा लावणाऱ्या पुरुषाच्या घड्या सेकंदाला साधारण १३९ वेळा उघडतात-मिटतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या मध्य सा ला २०८ वेळा. तार सा ला दोघांचेही आकडे दुप्पट. इतकं वेगवान काम जोर लावून करता येत नाही. जोर लावला की लाट अडते.

जाता जाता एक गोष्ट. जिवंत माणसाच्या गळ्यात, तो गात असताना, स्वरतंतू हलताना निरखण्याचं श्रेय एका गाण्याच्या मास्तरांना जातं. मान्युएल गार्सिया त्यांचं नाव. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचंच स्वरयंत्र पाहिलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निरीक्षणं मांडली. गृहस्थ १०१ वर्षं जगले. गाणाऱ्याने शरीरशास्त्रात नाक खुपसू नये म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते.

आता तुमच्या दुखण्याच्या मुळाशी येऊ. निसर्गाने स्वरयंत्र गाण्यासाठी बनवलेलं नाही. ते मुळात राखणदार आहे. जेवताना शीत चुकीच्या वाटेला गेलं की ठसका लागतो, ते या राखणदाराचं काम. त्याचं दुसरं काम छातीत हवा कोंडून धरण्याचं. तांदळाची गोणी उचलताना, बरणीचं घट्ट झाकण फिरवताना, कुंथताना आपण नकळत श्वास रोखतो. त्या क्षणी स्वरतंतू आणि त्यांच्या वरच्या आणखी दोन घड्या गच्च मिटतात. पोट आवळणं आणि गळा मिटणं ही शरीराची जुनी जोडी आहे. एक केलं की दुसरं आपोआप होतं.

लक्षात आलं ना? ‘पोटातून गा’ ऐकलं की तुम्ही पोट दगडासारखं करता. शरीराला वाटतं, गोणी उचलायची आहे. ते गळा मिटून घेतं. मिटलेल्या गळ्यातून आवाज काढायला तुम्ही आणखी जोर करता. वीस मिनिटं हे चाललं तर दुखणार नाही तर काय होईल?

पोटात हवा नसते, हे आधी मान्य करून टाका. हवा फुफ्फुसांत, आणि फुफ्फुसं बरगड्यांच्या पिंजऱ्यात. पिंजऱ्याचा तळ म्हणजे श्वासपटल, घुमटाच्या आकाराचा स्नायूचा पडदा. उचकी लागते तेव्हा झटका देतो तोच हा. श्वास घेताना घुमट सपाट होत खाली येतो, खालच्या आतड्या-जठराला जागा हवी म्हणून पोट पुढे येतं. पोट पुढे येणं हा परिणाम आहे, मुद्दाम फुगवायची गोष्ट नाही. आणि खरी गंमत पुढे आहे : श्वासपटल हा श्वास आत घेणारा स्नायू आहे. तो हवा बाहेर ढकलू शकत नाही, गाताना तो हळूहळू सैल होत वर जातो. ‘श्वासपटलाने आवाज फेका’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. हवा बाहेर नेतात फुफ्फुसांचा स्वतःचा लवचीकपणा, बरगड्यांमधले स्नायू आणि पोटाच्या भिंतीचे स्नायू. गाणाऱ्याचं कसब हवा ढकलण्यात नाही, तिला एकदम निसटू न देण्यात आहे. भरलेला फुगा सोडून दिला तर फुर्रकन रिकामा होतो. त्याचं तोंड न आवळता, बाजूंनी धरून तो हळू रिकामा करायचा. गाताना बरगड्या लगेच मिटू न देणं म्हणजे हेच बाजूंनी धरणं. माझ्या मते ‘पोटातून गा’चा अर्थ एवढाच : गळ्याने अडवू नकोस, खालून सांभाळ.

करून पाहायचं असेल तर उताणे झोपा, पोटावर एक जाडसर पुस्तक ठेवा, श्वास आपोआप येऊ द्या. पुस्तक वर-खाली होतंय ते नुसतं बघा. मग एक सैलसा ‘सऽऽऽ’ सोडा आणि पुस्तक किती सावकाश उतरतं ते पाहा. उतरतं, बरं का. आत खेचलं जात नाही. हाच अनुभव बसल्यावर यायला हवा, आणि इथे तुमच्या पिढीची वेगळी अडचण आहे. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस संध्याकाळी जमिनीवर मांडी घालतो तेव्हा कंबर मागे कलते, पाठीला पोक येतं, बरगड्या पोटावर बसतात. श्वासपटलाला उतरायला जागाच उरत नाही. बुडाखाली सतरंजीची घडी किंवा घट्ट उशी घ्या, गुडघे कमरेपेक्षा खाली जाऊ द्या. मी कित्येकांची ‘दमसास कमी पडतो’ ही तक्रार एका उशीवर मिटलेली पाहिली आहे.

दमसासाबद्दल आणखी एकच. मोठी फुफ्फुसं म्हणजे मोठा गवई असं नाही. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला, १९४८ मध्ये ते हवापालटासाठी देवासला गेले, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर ते परतले तेव्हा छोट्या, टोकदार स्वरसमूहांचं त्यांचं गाणं अनेकांना पूर्वीपेक्षाही धारदार वाटलं. असलेल्या हवेत काय मांडायचं, ते त्यांनी ठरवलं. पण त्यांच्या गाण्याची नक्कल करताना धापा टाकणारे निरोगी तरुण पाहिले की हसू येतं.

आता तार सा. कंठमण्याच्या खाली बोट सरकवा, एक छोटी खाच लागेल, आणि तिच्याखाली एक कडं. हे कडं अंगठीच्या आकाराचं असतं, खडा मागच्या बाजूला असलेल्या अंगठीसारखं. कंठमण्याची ढाल या अंगठीवर बिजागरीने बसवलेली आहे. स्वर चढवायचा म्हटला की या दोघांमधला स्नायू आकसतो, खाच अरुंद होते, आणि मागे-पुढे जोडलेले स्वरतंतू लांब, पातळ, ताठ होतात. पातळ घडी वेगाने हलते, म्हणजे स्वर उंच. बोट खाचेवर ठेवून खालच्या सा पासून हळू मींड घेत (स्वर न तोडता, घसरत) वर जा, खाच मिटताना जाणवेल. उलट, घड्यांच्या आतला स्नायू आकसला की त्या आखूड आणि जाड होतात. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, भरदारपणा त्यातून येतो.

म्हणजे खाली जाड, वर पातळ. मधल्या टप्प्यात एका स्नायूने हळूहळू सोडायचं आणि दुसऱ्याने हळूहळू घ्यायचं. तुम्ही मध्य सप्तकातला जाडपणा तसाच धरून तार सा कडे धावता. एका बिंदूला जाड घडी ताण सोसत नाही, एकदम सुटते, आणि आवाज चिरकतो किंवा अचानक पातळ, खोट्या आवाजात जातो. पौगंडावस्थेत मुलांचा आवाज फुटतो तेव्हाही थोडंफार हेच होतं, कारण वर्ष-दोन वर्षांत घड्या भराभर वाढतात आणि जुना हिशेब चुकतो. यावर उपाय जोर नाही. वर जाताना आवाज थोडा बारीक करा. प म्हणताना ध ची तयारी हवी, सा आल्यावर धडपड नको. आणि बोटाने तपासा : तार सा ला कंठमणी आवंढा गिळल्यासारखा हनुवटीत घुसतोय का? थोडा वर गेला तर चालतं. घुसला तर राखणदार पुन्हा दार लावतोय.

शिवाय तुमची पट्टी कोणती? हे तुम्ही लिहिलेलं नाही. क्लासात एकच पेटी, एकच पट्टी आणि दहा गळे, ही आपल्याकडची जुनी खोड. स्वरतंतूंची लांबी-जाडी प्रत्येकाची वेगळी, ती रियाझाने बदलत नाही. गुरुजी काळी दोनमध्ये गातात म्हणून तुम्हीही गायलाच हवं, असं नाही. मंद्र पंचम आणि तार गंधार दोन्ही ओढाताणीशिवाय लागतील अशी पट्टी गुरुजींकडूनच ठरवून घ्या. कुठलाही समंजस गुरू यात मदत करतो.

राहिलं कपाळ. स्वरतंतूंपाशी जो आवाज तयार होतो तो ऐकवत नाही, रबराच्या पिपाणीसारखा असतो. त्याला ‘आवाज’ बनवते वरची पोकळी : घसा, तोंड, आणि कधी नाक. पुरुषांत ही नळी स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत साधारण १७ सेंटिमीटर. जीभ, जबडा, टाळू आणि ओठ हलले की तिचा आकार बदलतो. त्याच सुरात ‘आ’ आणि ‘ई’ म्हटलं तर स्वरतंतू तेच करत असतात, बदलते ती पोकळी. आपली वर्णमाला म्हणजे या पोकळीचा नकाशाच आहे : क कंठाशी, च टाळूशी, ट त्याच्या थोडं पुढे मूर्धेवर, त दातांशी, प ओठांशी. कखगघ म्हणणारं पोर नकळत मागून पुढे अख्खं तोंड फिरून येतं.

कपाळात मात्र काही घुमत नाही. तिथली सायनसची पोकळी बाहेर जाणाऱ्या आवाजात जवळपास काहीच भर घालत नाही. पण वरचे स्वर नीट लागले की चेहऱ्याच्या हाडांत, नाकाच्या मुळाशी कंप जाणवतो, हे खरं. खालच्या स्वरांना तो छातीत जाणवतो. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात मंद्राचं स्थान हृदय, मध्याचं कंठ आणि ताराचं मूर्धा (इथे अर्थ डोकं) सांगितलं, ते याच जाणिवेतून आलं असावं, असं मला वाटतं. तिन्ही सप्तकं निघतात एकाच नखभर घडीतून. कंप कुठे जाणवतो, ते मात्र बदलतं. म्हणून ‘कपाळात ने’ ही सूचना म्हणून घेऊ नका, खूण म्हणून घ्या. नीट लागला तर तिथे जाणवेल. जाणवावा म्हणून भुवया चढवून काही होत नाही.

नाकात गाण्याची शंका असेल तर आरशात तोंड उघडून पडजीभ पाहा. तिच्यासकट मागचा मऊ टाळू झडपेसारखा उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. ‘आ’ लावून नाकपुड्या चिमटीत धरा. आवाज बदलला तर झडप खाली राहिलीय. बदलला नाही तर ठीक. (म, न, ण ला बदलणारच, त्यात घाबरायचं काही नाही.) आणि ‘गळा मोकळा’ याचा बराचसा भाग जिभेत असतो. जिभेचं मूळ कंठमण्याच्या वरच्या हाडाला जोडलेलं आहे, त्यामुळे जीभ मागे आखडली की स्वरयंत्रही आवळतं. ‘आ’ लावून गाताना जिभेचं टोक खालच्या दातांना टेकू द्या. हनुवटीखालच्या मऊ भागात अंगठा दाबून पाहा, गाताना तो भाग कडक होत असेल तर तुमचा अर्धा जोर तिथे वाया जातोय.

दुखणारे बहुधा हे आजूबाजूचे स्नायूच असतात, स्वरतंतू फारसे तक्रार करत नाहीत. तेच धोक्याचं आहे. एकोणिसाव्या वर्षी माझ्या दोन्ही घड्यांवर, जिथे त्या सगळ्यात जोरात आपटतात तिथे, समोरासमोर बारीक गाठी आल्या होत्या. दुखलं काहीच नव्हतं. फक्त तार सप्तकात बारीक आवाज लागेनासा झाला, आणि त्यावर तेव्हाच्या माझ्या शिक्षकांचा उपाय होता, ‘जोर वाढव’. शस्त्रक्रिया लागली नाही, पण पाच महिने आवाजाचे व्यायाम करत मी गाणं अक्षरशः पहिल्या सरगमपासून शिकले. तेव्हा तुम्ही सुरुवात रोज पाच मिनिटं ओठांच्या ‘भुर्रर्र’वर सूर खाली-वर फिरवून करा, किंवा बारीक स्ट्रॉमधून ‘ऊ’ गुणगुणा. तोंडाशी थोडी अडवलेली हवा मागे दाब देते आणि घड्या न आपटता हलायला शिकतात. सारखं खाकरू नका, त्यात त्या एकमेकींवर धाडकन आपटतात. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या. ते पाणी स्वरतंतूंवरून जात नाही (गेलं तर ठसका लागेल), शरीरातून फिरून त्यांना ओलावा देतं, म्हणून दिवसभर थोडं थोडं प्यायचं, गाण्याआधी एकदम तांब्याभर नाही. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, किंवा गाताना एकदम गेला, तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुर्बिणीने घड्या दोन मिनिटांत दिसतात.

खर्जाचं विचारलंत. पहाटे खालचे स्वर सहज लागतात, कारण रात्रभराच्या झोपेनंतर घड्या किंचित सुजलेल्या, जड असतात. ते तुमचं कसब नाही. म्हणून उठल्या उठल्या नको. थोडं हिंडा, बोला, पाणी प्या आणि मग बसा. सध्या दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, त्यातही दर दोन-तीन मिनिटांनी थांबत. जिथपर्यंत आवाज तानपुऱ्यात मिसळतोय तिथपर्यंतच उतरा. मंद्र पंचमाला तो दाबून, गुरगुरत काढावा लागत असेल तर मंद्र धैवतावर मुक्काम करा, आणि पंचम पुढच्या महिन्यात पुन्हा विचारून बघा.